एकाच रिपोर्टचे दोन पेशंट

सिकलसेलची पहिली चाचणी आश्रमशाळेच्या व्हरांड्यातही करता येते. बोटाला सुई टोचून घेतलेलं थेंबभर रक्त सोल्युबिलिटीच्या द्रावणात टाकायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि रेघा मारलेल्या कागदापुढे नळी धरायची. पलीकडच्या काळ्या रेघा दिसल्या तर मुलाला बिस्किट देऊन वर्गात पाठवायचं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्याच्या दंडाला पट्टा बांधून मोठी नळी भरायची आणि ती इलेक्ट्रोफोरेसिससाठी रुग्णालयात न्यायची. गढूळपणा एवढंच सांगतो की रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. ते आईबापांपैकी एकाकडून आलंय की दोघांकडून, ते नंतर इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर उमटतं. ‘ए’ आणि ‘एस’ असे दोन पट्टे आले तर मूल वाहक, म्हणजे एएस. त्याला पिवळं कार्ड. ‘ए’चा पट्टाच नसेल तर एसएस, पीडित, लाल कार्ड.

चाचणी साधी असली तरी तिचे नखरे आहेत. द्रावण ताजं लागतं, थंड जागी ठेवावं लागतं. जीपमध्ये उन्हात राहिलं की ते खोटं बोलायला लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, तिथं ही चाचणी भरवशाची नाही. नुकतंच रक्त चढवलेल्या पेशंटमध्येही नाही. आणि इलेक्ट्रोफोरेसिस चालू असताना लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. समुपदेशकाची जागा रिकामी असली की ते कामही आमच्याच टेबलावर येई, आणि ती बऱ्याचदा रिकामी असे. एरवी तंत्रज्ञाचं बरं असतं. त्याच्यासमोर नंबर टाकलेली नळी असते, माणूस नसतो. मला दोन्ही सांभाळावं लागलं.

रजिस्टरात नाव, वय, गाव, वडिलांचं नाव आणि मग जात-जमात असा रकाना होता. तिथवर आलं की शिबिरातली हवा बदलायची. मुलं पटकन सांगत. मोठी माणसं एकमेकांकडे बघत. एका म्हातारीनं मला सरळच विचारलं होतं, “काऊन जी बाई, रक्ताले बी जात असते का?” मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता.

त्या रकान्याला कारण होतं. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षं फिरून केलेल्या तपासण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांसारख्या जमातींमध्ये सिकलसेलच्या जनुकाचं प्रमाण २० ते ३५ टक्के आढळलं. काही जमातींत ते जवळजवळ नव्हतंच. काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. भारतात हा प्रकार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. त्याच वर्षी आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांमध्येही. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लिहिलं. म्हणजे आमच्या भागात हे दुखणं आहे, हे माझ्या जन्माआधीपासून कागदावर होतं.

पण हे जनुक जंगलापुरतंच राहिलेलं नाही. विदर्भात ते बौद्धांमध्ये आहे, कुणब्यांमध्ये आहे, तेल्यांमध्ये आहे. एका शाळेत एक शिक्षक खुर्ची टाकून आमचं काम बघत बसले होते. “आमच्यात हे नसते मॅडम,” असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. मी म्हटलं, सर, मग सगळ्या स्टाफचंच तपासू, मुलांची भीती जाईल. शिक्षक, स्वयंपाकी, शिपाई, सगळ्यांनी बोटं पुढे केली. काही नळ्या गढूळ झाल्या. कुणाच्या, ते मी तेव्हाही सांगितलं नाही आणि आताही सांगत नाही. एवढं मात्र खरं, की त्यानंतर ‘आमच्यात’ हा शब्द त्या खोलीत निघाला नाही.

या जनुकाचा नकाशा मलेरियानं काढलेला आहे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की एएस माणसाला फाल्सिपॅरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथं पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथं वाहक मुलं जास्त जगली, त्यांची मुलं झाली, जनुक पसरत गेलं. आफ्रिका, ग्रीस, सौदी अरेबियाच्या पूर्वेकडची मरूद्यानं, आपला मध्य भारतातला जंगलपट्टा. वाहकांना मिळालेल्या या कवचाची किंमत भरायची ती एसएस जन्मलेल्या मुलांनी. गडचिरोली आजही महाराष्ट्रातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे, त्यामुळे आमच्याकडे हा धडा पुस्तकातून शिकावा लागत नाही. अमेरिकेत १९१० साली शिकागोमधून ज्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींबद्दल पहिल्यांदा लिहिलं गेलं तो ग्रेनाडाहून शिकायला आलेला कृष्णवर्णीय तरुण होता. मग तिथं कितीतरी वर्षं तो काळ्यांचाच आजार मानला गेला. आमच्याकडे तो आदिवासींचा आणि दलितांचा ठरला. आजारावर एकदा कुणाचं तरी नाव पडलं की बाकीच्यांना तो आपला वाटत नाही, आणि निधी देणाऱ्यालाही घाई वाटत नाही.

तेव्हा जन्माला येताना धोका सगळ्यांना सारखा नसतो, हे रक्ताच्या पातळीवर खरंच आहे. पण टेबलामागे बसून मी जे पाहिलं ते त्याच्या पुढचं होतं.

माझ्या हातून एकाच आठवड्यात दोन मुलींच्या पट्ट्या निघाल्या. दोन्ही एसएस. वयं जवळपास सारखी. गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाणही दोघींचं जवळपास तेवढंच. या आजारात त्याला महत्त्व असतं, ते जितकं जास्त तितका त्रास कमी. रिपोर्टवरची नावं झाकली असती तर कोणता कोणाचा ते मला सांगता आलं नसतं. एकीचे वडील तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिक्षक होते. दुसरीचं घर नदीपलीकडे. आईबाप चार महिने धानात, मग मोहफूल, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मधल्या काळात मिरची तोडायला तेलंगणात. मुलगी आश्रमशाळेच्या वसतिगृहात.

शिक्षकांनी रिपोर्ट घेतला आणि आठवडाभरात नागपूर गाठलं. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज फॉलिक अ‍ॅसिड, न्यूमोनियाची लस. मुलीच्या दप्तरात दोन बाटल्या पाणी. थंडीत दोन स्वेटर, पावसात शाळेला सुट्टी. ताप शंभरच्या वर गेला की मोटारसायकल थेट दवाखान्यात. दहावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या मुलांना तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात, हा नियम त्यांनी मुख्याध्यापकांना स्वतः नेऊन दाखवला. त्या माणसाचा मला कधी कधी वैताग यायचा. फाइल घेऊन येत, प्लेटलेट थोड्या उतरल्या तरी तीन फोन करत. पण बाप असावा तर असा, हेही मनात येई.

दुसरीची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. शरीरातलं पाणी वाहून जातं, म्हणून जास्त प्यावं लागतं आणि रात्रीतून उठावंही लागतं. लहान मुलं अंथरूण ओलं करतात. हा त्या आजाराचाच भाग आहे, पण वसतिगृहात हे कुणाला ठाऊक? ती सकाळी चादर धुताना दिसायची, मुली हसायच्या, अधीक्षिका रागवायच्या. संडास मागच्या बाजूला, तिथं दिवा नाही. मग तिनं स्वतःच उपाय काढला: दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही. अंथरूण कोरडं राहायला लागलं, तिला शाबासकी मिळाली, आणि महिन्याभरात ती हाडं फुटल्यासारखी ओरडत आमच्याकडे भरती झाली. पाणी कमी झालं की रक्त दाटतं, पेशी वाकून एकमेकींत अडकतात, बारीक वाहिन्या तुंबतात. पुस्तकात या घटनाक्रमाला तीन ओळी लागतात. तिच्या बाबतीत त्या तीन ओळींच्या आधी एक बंद पडलेला बल्ब होता.

मला हे कळलं तेही योगायोगानं. सलाइन लावताना सहज विचारलं, पाणी किती पितेस गं? ती गप्प. तिला माडिया नीट येई, मराठी शाळेपुरती. आशाताईंनी तिच्याशी तिच्या भाषेत बोलून सगळं काढून घेतलं. मी वसतिगृहाला पत्र लिहिलं, रात्री तिच्या उशाशी पाणी ठेवा आणि बल्ब लावा. बल्ब लागला. पुढच्या वर्षी अधीक्षिका बदलल्या आणि चादरीवरून रागावणं पुन्हा सुरू झालं. तोपर्यंत तिचं आठवीचं वर्ष भरतीतच निम्मं गेलं होतं.

औषधाचंही तसंच. हायड्रॉक्सीयुरिया महागडं नाही, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण ते रोज घ्यावं लागतं आणि अधूनमधून रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात, नाहीतर ते अंगावर उलटू शकतं. त्यासाठी दवाखान्यात यावं लागतं. एसटीत सिकलसेलच्या रुग्णांना तिकीट माफ आहे. शिक्षकांच्या मुलीनं ती सवलत कधी वापरली नाही. नदीपलीकडच्या मुलीला वापरायची होती, पण तिच्या गावाला एसटीच जात नव्हती. पावसाळ्यात नाला चढला की मोटारसायकलही नाही. जुलैत संपलेल्या गोळ्या सप्टेंबरात मिळायच्या. मधल्या दोन महिन्यांत पुजाऱ्याकडे नेलं, कोंबडं कापलं. मला त्या कोंबड्याबद्दल कधी राग आला नाही. जे हाताशी होतं ते त्यांनी केलं.

भरतीच्या रजिस्टरावर तारखा बघत बसले की दुखण्याचं वर्ष दिसायचं. जुलै-ऑगस्टात रोवण्याच्या दिवसांत गर्दी: दिवसभर वाकून चिखलात, पाठीवर पाऊस, ओले कपडे अंगावरच वाळलेले. मग डिसेंबर-जानेवारीची थंडी. मग मे महिना, तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघून उन्हातान्हात पायपीट. थंडी, ओल, ऊन, थकवा, पाण्याची कमतरता. वेदना उठवणारं जे काही डॉक्टर टाळायला सांगतात, त्या सगळ्याचं मिळून आमच्याकडचं मजुरीचं कॅलेंडर होतं. आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी रजिस्टर चाळून विचारलं, “हा सीझनल आजार आहे का?” मी म्हटलं, “सर, आजार बारमाही आहे. सीझनल मजुरी आहे.”

दुखण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, हा आणखी एक भाग. पाय मोडला तर एक्स-रेत दिसतो, ताप असेल तर थर्मामीटरमध्ये चढतो. सिकलसेलच्या वेदनेला बाहेरून काहीच दिसत नाही. पोरगा कण्हतोय, घामाघूम झालाय, आणि सगळे रिपोर्ट नेहमीचेच. “इंजेक्शनची सवय लागली याला,” हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि बोलणारी सगळी माणसं वाईट नव्हती. रात्रपाळीला एकटी सिस्टर, तीस खाटा, आणि हा दर पंधरा दिवसांनी येणारा. शिक्षकांची मुलगी आली की मात्र असं कुणी म्हणत नसे, कारण तिचे वडील शेजारी फाइल घेऊन उभे असत. नदीपलीकडचा बाप दाराबाहेर उकिडवा बसलेला असायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, “हाडं फुटून राह्यली म्हनते जी पोरगी.” एवढंच. अमेरिकेतही इमर्जन्सीत आलेल्या सिकलसेलच्या कृष्णवर्णीय रुग्णांना वेदनाशामकासाठी ताटकळावं लागतं, त्यांच्याकडे व्यसनी म्हणून पाहिलं जातं, हे तिथल्या संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. तिथं अद्ययावत यंत्रं आहेत, तरीही.

वैद्यकाच्या पुस्तकांनीही आमच्या पेशंटांचं थोडं नुकसान केलं. भारतातलं जनुक ज्या प्रकारचं आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बरंच टिकतं. त्यावरून ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ असं वाक्य रूढ झालं. ओडिशातल्या रुग्णांवरून ते पुष्कळसं खरं वाटावं असं होतं. नागपूरकडच्या रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा मात्र जनुक त्याच प्रकारचं असूनही त्रास बराच तीव्र निघाला: वारंवार वेदना, रक्त चढवण्याची वेळ, भरती. एका समूहावरून काढलेली सरासरी दुसऱ्या समूहाला लावली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कोणी ‘माइल्ड आहे’ म्हणून पेशंट घरी पाठवला की माझा जीव खालीवर व्हायचा.

आणि एकच जनुक असूनही जगभरात मरणाची वयं किती वेगळी! आफ्रिकेत एसएस जन्मलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक पाचव्या वाढदिवसाआधीच दगावतात असा अंदाज आहे. अमेरिकेत यातली बहुतेक सगळी मुलं मोठी होतात. या फरकामागे फार अवघड विज्ञान नाही. जन्मतःच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी, आणि पेनिसिलिन. रोज पेनिसिलिन दिलं तर लहान मुलांचे न्यूमोकॉकसचे जंतुसंसर्ग खूप कमी होतात, हे १९८६ मध्ये सिद्ध झालं. जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या क्लिनिकनं तर त्याहून स्वस्त काम केलं: आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवलं. पेशी प्लीहेत अडकून ती अचानक फुगली तर मूल काही तासांत जाऊ शकतं, आणि आईच्या हाताला ते डॉक्टरच्या आधी कळतं. मी हे वाचल्यावर आमच्या भागातल्या आयांना शिकवायला लागले. आशाताई माझ्याहून लवकर शिकल्या. कडू तेल लावताना रोज बघायचं, एवढं सांगितलं की पुरे. वेगळा वेळ काढावा लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं जनुकांतच बदल करणारा उपचार मंजूर केला. त्याची किंमत २२ लाख डॉलर. पेपरात बातमी आली तेव्हा आमच्या एका पेशंटनं विचारलं, “ताई, हे आपल्याकडे कवा येईल?” मी म्हटलं, आधी गोळ्या येऊ दे.

लग्नाचा विषय आला की ही कार्डं ट्रंकेत जातात. पिवळं कार्ड असलेली मुलगी ठणठणीत असते, तिला सहसा काही होत नाही. दोन पिवळ्या कार्डांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणी मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. हे समजावणं फार कठीण. टक्केवारी सांगितली की लोक हिशेब करतात: चारातलं एक ना? मग पहिलं झालं, आता तीन सुटले. शेवटी मी चिंचोके घेऊन बसायला लागले. अर्धे फोडलेले, एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे, आमच्याकडे पोरं खेळतात तसे. एक चिंचोका आईचा, एक बापाचा. टाका. दोन्ही काळे पडले तर मूल आजारी. परत टाका. पहिल्या वेळी काय पडलं होतं ते चिंचोक्यांना आठवत नाही, हे लागोपाठ दोनदा काळे-काळे पडल्यावर जोडप्याला आपोआप कळायचं. काही बायका तिथंच रडायच्या.

ग्रीसमध्ये ऑर्कोमेनॉस नावाच्या गावात एकदा सगळ्यांची तपासणी झाली, प्रत्येकाला आपण वाहक आहोत की नाही ते सांगितलं, हेतू असा की वाहकांनी वाहकांशी लग्न टाळावं. वाहकांना डाग लागला, लोक लपवायला लागले, लग्नं व्हायची तशीच होत राहिली. हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं आणि माझ्याच तालुक्याचं वर्णन ऐकल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की आमच्याकडे लपवावं लागतं ते मुलीकडच्यांना. मुलाचं कार्ड कुणी मागत नाही. आजारी मूल झालं की सासू सुनेला घेऊन येते आणि म्हणते, हिच्या माहेरातून आलं. मी सासूला सांगायची, मुलाचंही रक्त द्या. तो कधी कामावर असायचा, कधी बाहेरगावी. एकदा एक सासरा स्वतःहून पुढे आला, म्हणाला माझंच घ्या. एएस निघाला. म्हातारा मान हलवत घरी गेला, आणि पुढच्या आठवड्यात पोराला दंडाला धरून घेऊन आला. अशी माणसंही असतात, पण अशांच्या भरवशावर कार्यक्रम चालत नाही.

नागपुरात मात्र एका बापानंच हे काम उभं केलं. संपत रामटेके कोळसा खाणीच्या कंपनीत नोकरीला होते, त्यांच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी रुग्णांची संघटना बांधली, मंत्रालयापर्यंत फेऱ्या मारल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला, त्यामागे अशा पालकांचा रेटा होता असं मी मानते. आजाराची आकडेवारी डॉक्टरांकडे पन्नास वर्षं होती. कागद हलले ते घरात पेशंट असलेला माणूस दारात उभा राहिला तेव्हा.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत उच्चाटन. तेव्हापासून किट वेळेवर येतात, हे कबूल करायला हवं. तपासणीचा आकडा दर आठवड्याला विचारला जातो. ज्यांचं कार्ड लाल निघालं त्यांतल्या किती जणांना या महिन्यात गोळ्या मिळाल्या, हा आकडा विचारणारा फोन मला तरी क्वचितच आला. तपासणी मोजायला सोपी आहे. ती एकदाच होते. औषध रोज द्यावं लागतं.

नदीपलीकडच्या त्या मुलीचा खुबा पुढे निकामी झाला. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्तच पोचलं नाही की ते आतून मरतं आणि ढासळतं. सिकलसेलमध्ये हे पुष्कळांना होतं. विशीच्या आतच ती काठीवर चालायला लागली. शिक्षकांची मुलगी बी.एस्सी. झाली, तिचंही दुखतं, तीही भरती होते, पण दोन पायांवर चालते. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

काठीवाली मात्र गप्प राहणाऱ्यांतली उरली नव्हती. आमच्याकडे सिकलसेलची ओपीडी सोमवारी असे. तालुक्याच्या बैठकीत पेशंटांच्या आयांबरोबर ती आली आणि साहेबांना म्हणाली, “सर, आमच्याकडचा बाजार बुधवारचा असते. बुधवारी टेम्पो येते. सोमवारी आमी का उडून येवाचं?” साहेब म्हणाले, ओपीडीचे दिवस वरून ठरतात. एक बाई म्हणाली, मग वरच्यांना बाजार सोमवारी भरवायला सांगा. बैठकीत हशा झाला, साहेबही हसले, पण तिनं विषय सोडला नाही. पावसाळ्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, हेही तिचंच. डॉक्टरांची हरकत रास्त होती, पेशी न मोजता एवढ्या दिवसांचा डोस देणं धोक्याचं. तोडगा असा निघाला की जूनच्या पहिल्या दोन बाजारांच्या दिवशी मी उपकेंद्रात जाऊन सगळ्या लाल कार्डवाल्यांचं रक्त घ्यायचं, संध्याकाळपर्यंत मोजणी करायची आणि ज्यांच्या पेशी ठीक त्यांच्या गोळ्या आशाताईंच्या घरी ठेवायच्या, नाल्याच्या पलीकडच्या बाजूला. ज्यांच्या ठीक नाहीत त्यांना पाणी चढायच्या आत अलीकडे बोलवायचं.

लेखी आदेश आला नाही. ओपीडी कागदावर सोमवारचीच राहिली, आणि बुधवारी आम्ही जायला लागलो. बाजारात मिरच्या, सुकट, चपला यांच्यापलीकडे उपकेंद्राच्या ओट्यावर माझं टेबल. त्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे भरती झालेल्या नदीपलीकडच्या पेशंटांची यादी बरीच आखूड होती. पुढच्या जूनमध्ये गाडीला डिझेल नव्हतं म्हणून पहिला बुधवार हुकणार होता, तर मंगळवारी रात्रीच त्या मुलीचा फोन आला होता, उद्या गाडी येत नसेल तर आमी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं, तुमी फक्त नळ्या घेऊन या.